दाराशी आलेली श्रद्धा : ‘द वॉकिंग डेड’चे परीक्षण

झॉम्बींच्या कथांमध्ये देवाधर्माचा विषय निघाला की सहसा दोनच प्रकारची माणसे समोर येतात. एक, धर्मग्रंथ हाती घेऊन लोकांना भलत्याच वाटेला लावणारा माथेफिरू, आणि दुसरा, प्रार्थना पुटपुटत पहिल्याच हल्ल्यात जीव गमावणारा भाबडा. ‘एएमसी’ या अमेरिकन वाहिनीवर 31 ऑक्टोबर 2010 रोजी सुरू झालेली आणि 11 पर्वे व 177 भागांनंतर 20 नोव्हेंबर 2022 रोजी संपलेली ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका या दोन्ही साच्यांना पुरून उरते. तिच्या हाणामारीवर, लांबलेल्या पर्वांवर आणि आवडत्या पात्रांच्या मृत्यूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत परीक्षण मात्र एकाच अंगाने केलेले आहे : जग बुडाल्यावर माणसाच्या श्रद्धेचे काय होते, हे या मालिकेने कितपत प्रामाणिकपणे दाखवले आहे? माझे मत असे की, पात्रे देवाविषयी बोलत असतात तेव्हा ही मालिका मध्यम प्रतीची असते. पण तीच पात्रे एखाद्या बंद दारापाशी उभी राहतात आणि बाहेरच्याला आत घ्यायचे की नाही हे त्यांना ठरवावे लागते, तेव्हा श्रद्धेविषयी इतके नेमके चित्रण या प्रकारच्या कथांमध्ये क्वचितच सापडते. पुढील मजकुरात कथानकातील महत्त्वाच्या घटना उघड होतात, याची मालिका न पाहिलेल्यांनी नोंद घ्यावी.

या जगाचा एक नियम आधी सांगायला हवा, कारण श्रद्धेचा सगळा पेच त्यातूनच उभा राहतो. येथे झॉम्बी होण्यासाठी चावा बसावाच लागतो असे नाही. संसर्ग प्रत्येकाच्या शरीरात आधीपासूनच आहे, आणि मेंदू शाबूत असताना कोणत्याही कारणाने मेलेला माणूस पुन्हा उठतो. ही साथ कशामुळे आली याचे उत्तर मालिका अखेरपर्यंत देत नाही. कारण कळले असते तर ते विज्ञानाच्या खात्यात जमा झाले असते. ते कळत नाही म्हणूनच ही शिक्षा आहे का, परीक्षा आहे का, की नुसताच अपघात, हा प्रश्न प्रत्येक पात्राला स्वतःपुरता सोडवावा लागतो. त्यातही ज्या प्रदेशात ही कथा सुरू होते, त्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात मृतांचे पुनरुत्थान हा कित्येकांच्या रोजच्या श्रद्धेचा भाग आहे. ज्या गोष्टीची आयुष्यभर आशा धरली, तीच इतक्या विद्रूप रूपात अंगणात येऊन उभी राहावी, हा विरोधाभास मालिकेच्या लेखकांनी नीट ओळखला आहे.

दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात याची चुणूक दिसते. हरवलेल्या सोफिया नावाच्या मुलीला शोधत निघालेल्या गटाला दुरून चर्चच्या घंटा ऐकू येतात. सगळे धावत पोहोचतात, तर आत बाकांवर प्रार्थनेला बसल्यासारखे तीन वॉकर बसलेले असतात. (मालिकेत झॉम्बी हा शब्द जणू कुणाला ठाऊकच नाही, वॉकर हेच त्यांचे रूढ नाव.) त्या घंटाही कुणी हाताने वाजवलेल्या नसतात, ठरल्या वेळी आपोआप सुरू होणाऱ्या ध्वनिक्षेपकाचा तो आवाज असतो. माणसे संपली तरी आराधनेची हाक यंत्र देतच राहिले आहे, ही कल्पना एकाही संवादाविना मनात उतरते. त्यानंतर सोफियाची आई, कॅरोल, क्रूसासमोर बसून प्रार्थना करते. मुलगी सुखरूप मिळू दे, एवढीच ती प्रार्थना असती तर प्रसंग सामान्य ठरला असता. पण कॅरोलचा नवरा तिला मारहाण करणारा होता, मुलीकडेही त्याची नजर बरी नव्हती, आणि त्याला शिक्षा व्हावी म्हणून तिने पूर्वी देवाकडे मागणे मागितले होते. तो मेला. आता मुलगी हरवली आहे ती आपल्या त्याच मागण्याची शिक्षा तर नव्हे, या भीतीने ती देवाला विनवते आहे. मेलिसा मॅकब्राइड या अभिनेत्रीने हे सारे जवळजवळ कुजबुजीच्या स्वरात म्हटले आहे. श्रद्धाळू माणसाला संकटात देवाच्या नसण्यापेक्षा त्याच्या असण्याचीच भीती अधिक वाटू शकते, हे झॉम्बींच्या कथेत इतक्या थेटपणे मांडलेले मला अन्यत्र आढळले नाही.

याच प्रसंगात एक ढिलाईही आहे. चर्चच्या पाटीवर ते सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे असल्याचे लिहिले आहे आणि आत येशूची मूर्ती असलेला मोठा क्रूस आहे. बॅप्टिस्ट चर्चमध्ये बहुधा मूर्तीविना साधा क्रूस असतो. मूर्तीसह क्रूस ही मुख्यतः कॅथलिक परंपरेची खूण आहे. पात्रांना कुणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहून बोलता यावे म्हणून दिग्दर्शनाने ही सोय करून घेतली असावी. परंतु ज्या मालिकेला श्रद्धेवर बोलायचे आहे तिने श्रद्धेचे घर तरी बारकाईने उभारायला हवे होते. त्याच भागात नायक रिक ग्राइम्स त्याच मूर्तीकडे आपण योग्य वाटेवर असल्याची काहीतरी खूण मागतो, आणि थोड्याच वेळात जंगलात हरिणाकडे कौतुकाने पाहत उभ्या असलेल्या त्याच्या मुलाला गोळी लागते. पहिल्यांदा पाहताना हा घाव जिव्हारी लागतो. पण आठव्या पर्वात लेखक हीच युक्ती पुन्हा वापरतात : तापाने फणफणलेला फादर गेब्रिएल वाटेतल्या प्रत्येक योगायोगात देवाचा संकेत पाहत एका डॉक्टरसह पुढे जातो, संकेत खरेही ठरत जातात, आणि शेवटी तो डॉक्टर गोळी लागून मरतो. कौल मागायचा आणि उत्तरादाखल बंदुकीचा आवाज ऐकायचा, हा साचा दुसऱ्या वेळी कमकुवत वाटतो. श्रद्धेची परीक्षा घेण्यासाठी तिला दर वेळी तोंडघशी पाडण्याची गरज नसते.

हर्शेल ग्रीन हे पात्र मात्र साच्याला कुठेच सापडत नाही. स्कॉट विल्सन या ज्येष्ठ अभिनेत्याने साकारलेला हा वृद्ध पशुवैद्य आपल्या शेतावर कुटुंबासह राहतो, बायबल वाचतो, जखमी परक्या मुलावर शस्त्रक्रिया करून त्याला वाचवतो आणि गोठ्याला कुलूप लावून त्यात वॉकर कोंडून ठेवतो. त्याच्या मते ते आजारी आहेत. त्यांच्यात त्याची पत्नी आणि सावत्र मुलगाही आहे. हा वेडेपणा आहे असे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, तरीही लेखकांनी हर्शेलला मूर्ख ठरवलेले नाही. आजारी माणसाला मारायचे नाही, त्याला खाऊ घालायचे आणि औषधाची वाट पाहायची, ही त्याची भूमिका नीतीच्या दृष्टीने निर्दोष आहे. चूक आहे ती केवळ वस्तुस्थितीच्या आकलनात. म्हणूनच रिकचा मित्र शेन चिडून एका वॉकरच्या छातीत एकामागून एक गोळ्या झाडतो आणि ती तरीही पुढे येतच राहते, तेव्हा हर्शेल गुडघ्यांवर कोसळतो. गोठ्याचे दार फोडले जाते, आतले सगळे वॉकर बाहेर येऊन गोळ्यांना बळी पडतात आणि सर्वांत शेवटी येते ती सोफिया. कॅरोलच्या प्रार्थनेचे उत्तर इतके दिवस हर्शेलच्या कुलपाआड होते. दोन श्रद्धाळू माणसांच्या दोन निरनिराळ्या आशा एकाच दारात एकाच क्षणी संपतात, आणि त्यावर कुणालाही भाष्य करायला लावलेले नाही, हे लेखनाचे मोठे यश आहे.

त्यानंतरच्या काही प्रसंगांत हर्शेल दारूकडे वळतो, आणि पर्वाच्या अखेरीस तो रिकला म्हणतो की ख्रिस्ताने मृतांच्या पुनरुत्थानाचे वचन दिले होते, पण त्याच्या मनात काहीतरी वेगळे असेल असे आपल्याला वाटले होते. हे वाक्य मालिकेच्या चाहत्यांमध्ये फार गाजले. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो चौथ्या पर्वातील हर्शेल. तुरुंगात आश्रय घेतलेल्या वसाहतीत जीवघेण्या तापाची साथ येते, आजाऱ्यांना एका विभागात वेगळे ठेवले जाते, आणि एका पायावर चालणारा हा म्हातारा काढा घेऊन स्वतःहून त्या बंद विभागात शिरतो. येथील प्रत्येक रुग्ण मेल्यावर उठणार आहे हे आता त्याला पक्के ठाऊक आहे. तरीही मृताच्या मेंदूत सुरा घालण्यापूर्वी तो देह इतरांच्या नजरेआड नेतो, चेहरा चादरीने झाकतो, आणि मगच ते काम करतो. गोठ्याच्या दाराबाहेर उभा असलेला हर्शेल आणि रुग्णांच्या दाराच्या आत गेलेला हर्शेल यांच्यातले अंतर म्हणजे श्रद्धेचे प्रौढ होणे, आणि ते दाखवायला मालिकेला एकही प्रवचन लागलेले नाही. रात्र सरल्यावर तो एकटाच बायबल उघडून बसतो आणि त्याला रडू फुटते. त्यात दुःख किती आणि कृतज्ञता किती, हे ठरवण्याची घाई विल्सन यांचा अभिनय करत नाही. पुढे लवकरच ‘गव्हर्नर’ म्हणवणाऱ्या शत्रूच्या म्होरक्याच्या हातून हर्शेलचा शिरच्छेद होतो, आणि मालिकेतली श्रद्धेची सर्वांत स्थिर बाजू तिथे संपते.

त्याची जागा पाचव्या पर्वात फादर गेब्रिएल स्टोक्स घेतो, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात तो हर्शेलचा उलट आरसा आहे. एका खडकावर वॉकरांनी वेढलेल्या अवस्थेत तो पहिल्यांदा दिसतो, वाचवले गेल्यावर भीतीने ओकतो, आणि आपल्याला शस्त्र लागत नाही, देवाचे वचन पुरेसे आहे असे सांगतो. त्याच्या सेंट सेराज एपिस्कोपल चर्चमध्ये भाविकांनी दानादाखल आणून दिलेल्या डबाबंद अन्नाचा साठा होता. त्यावर तो जगला. ते दान देणारे कुठे गेले याचे उत्तर चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर आहे. तिथे नखांनी ओरबाडल्याच्या खुणा आहेत, आणि याबद्दल तू जळशील अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. साथ पसरली तेव्हा त्याचे भाविक आसरा मागत दाराशी आले, आणि गेब्रिएलने दार उघडले नाही. ते त्याला हाका मारत, देवाची करुणा भाकत बाहेर मेले, आणि त्यांची हाडे त्याने मागाहून पुरली. सेथ गिलियम या अभिनेत्याने ही कबुली देताना आवाज चढवत नेला आहे, तोही अशा रीतीने की ऐकणाऱ्याला सुरुवातीला दया येते आणि शेवटी येत नाही.

यानंतर मालिका जे करते ते कौतुकास्पद आहे. नरभक्षकांच्या टोळीला रिकचा गट त्याच चर्चमध्ये अत्यंत निर्घृणपणे ठार करतो. गेब्रिएल थरथरत म्हणतो की हे प्रभूचे घर आहे. हर्शेलची मुलगी मॅगी त्याला सांगते की या नुसत्या चार भिंती आणि एक छप्पर आहे. हर्शेलच्याच मुलीने हे म्हणावे, यात तिच्या वडिलांचा मृत्यू आणि त्यानंतरची तिची सगळी पडझड आली. पुढच्या काही भागांत चर्चचे बाक आणि ऑर्गनचे नळे उपटून त्यांचे टोकदार अडथळे बनवले जातात. मग जमिनीखालून निसटलेला गेब्रिएल नरभक्षकांच्या तळावरचे पुरावे डोळ्यांनी पाहून घाबरून परत येतो, पाठीमागे वॉकर लागलेले असतात, आणि तो आपल्याच चर्चचे दार बडवत आत घेण्यासाठी आक्रोश करतो. जिथे त्याचे भाविक उभे होते तिथेच आता तो उभा आहे. आतले लोक जीव धोक्यात घालून फळ्या फोडतात आणि त्याला आत घेतात. या प्रसंगात क्षमा हा शब्द कुणीही उच्चारत नाही.

सामान्य दर्जाच्या कथेत माणूस येथे सुधारला असता. गेब्रिएल सुधारत नाही, आणि मला हे या व्यक्तिरेखेचे सर्वांत खरे अंग वाटते. ज्यांनी आपल्याला आत घेतले त्यांच्याविरुद्धच तो अलेक्झांड्रिया या वसाहतीच्या प्रमुखाचे कान भरतो, बायबलची पाने फाडतो, आणि पर्वाच्या शेवटी त्याच्याच हलगर्जीपणामुळे वसाहतीचे फाटक उघडे राहून वॉकर आत शिरतात. त्याला दार बंद करणेही जमले नाही आणि उघडणेही. त्याच रात्री, गटातल्याच खचलेल्या साशाकडे मरण मागण्याच्या टोकाला तो पोहोचलेला असताना मॅगी त्या दोघांच्या मध्ये येते, त्यांचे हात धरते, आणि तिघे प्रार्थना करतात. चार भिंती आणि छपराबद्दल बोलणारी हीच ती मॅगी. तिच्याच पुढाकाराने झालेली ही प्रार्थना म्हणजे तिच्या आधीच्या वाक्याला मालिकेने दिलेले उत्तर आहे. त्यावर कुणी बोट ठेवून दाखवत नाही. ज्याला ते दोन्ही प्रसंग आठवतात त्यालाच ते दिसते.

मधल्या पर्वांत या विषयाची आबाळ झाली आहे. सातव्या आणि आठव्या पर्वातला युद्धाचा पसारा इतका मोठा आहे की श्रद्धेला अधूनमधूनच जागा मिळते. आठव्या पर्वात वॉकरांनी वेढलेल्या एका फिरत्या घरात गेब्रिएल आणि शत्रू टोळीचा म्होरक्या निगन एकत्र अडकतात आणि गेब्रिएल शत्रूकडून पापाची कबुली ऐकून घेतो, तो भाग अपवाद म्हणून जरूर पाहावा. सहाव्या पर्वातला कॅरोलच्या जपमाळेचा प्रसंगही तसाच. कैदेत असताना एका मृताजवळची जपमाळ ती हाती घेते, भेदरलेल्या भाविक बाईचे सोंग आणते, आणि माळेचा क्रूस घासून धारदार करून त्यानेच आपली बंधने कापते. इथवर ती जपमाळ हत्यारच असते. पण सुटका झाल्यावरही ती माळ तिच्या मुठीत राहते, आणि इतकी घट्ट आवळली जाते की हातातून रक्त ठिबकते. सोंग कुठे संपले आणि दुसऱ्या पर्वातल्या त्या चर्चमधली स्त्री कुठे परतली, याचा निर्णय प्रेक्षकावर सोडला आहे. खंत इतकीच की त्यानंतर कॅरोल आणि तिचा देव यांच्यातला हिशेब मालिकेने जवळजवळ वाऱ्यावर सोडून दिला.

माझी सर्वांत गंभीर तक्रार सिद्दिक या पात्राबाबत आहे. आठव्या पर्वात येणारा हा तरुण मुस्लिम आहे. वॉकरला मारल्याने त्याच्या आत अडकलेला आत्मा मुक्त होतो अशी त्याच्या आईची श्रद्धा होती, म्हणून तो जमेल तितके वॉकर मारत असतो. त्याच्या आईच्या या श्रद्धेचा मान राखताना रिकचा मुलगा कार्ल याला चावा बसतो आणि त्यातच त्याचा अंत होतो. क्रोधावर करुणेची सरशी व्हावी, या अर्थाचे जे वचन सिद्दिकच्या तोंडून आले, तेच संपूर्ण पर्वाचा कणा ठरते. पर्वाच्या पहिल्या भागाचे नाव ‘मर्सी’ आणि शेवटच्याचे ‘रॅथ’ असे आहे, आणि निगनला जीवदान देताना रिकच्या ओठांवरही तेच शब्द आहेत. म्हणजे नायकाच्या सर्वांत मोठ्या नैतिक निर्णयाची शिदोरी या मुलाने आणली. असे असूनही पुढे त्याची श्रद्धा कथेतून जवळजवळ नाहीशी होते. उरतो तो वसाहतीचा डॉक्टर. गेब्रिएलला पर्वामागून पर्व पडण्याची, शंका घेण्याची, पुन्हा उभे राहण्याची मुभा मिळते, आणि सिद्दिकच्या धर्मातले एक वाक्य तेवढे उचलून बाकीचा माणूस बाजूला ठेवला जातो. श्रद्धेविषयी इतके समजदार लेखन करणाऱ्यांकडून झालेली ही मोठी कसूर आहे, आणि ख्रिस्ती धर्माबाहेर ही मालिका फारशी डोकावतच नाही या आक्षेपाला तिनेच बळ दिले आहे.

शेवटच्या पर्वांकडे येताना गेब्रिएल पुन्हा केंद्रस्थानी येतो, आता एका डोळ्याने अधू आणि मनाने कठोर झालेला. 2021 साली प्रसारित झालेल्या ‘वन मोअर’ या दहाव्या पर्वातील भागात तो आणि त्याचा सहकारी आरॉन एका निर्जन गोदामात दारू पीत बसलेले असताना, आता प्रवचन का करत नाहीस या प्रश्नावर तो सांगतो की दुष्ट माणसे हा अपवाद राहिलेला नाही, तोच नियम झाला आहे. त्या भागाच्या अखेरीस, निःशस्त्र होऊन शांत झालेल्या एका माणसाला तो एकाच घावात मारतो. दिग्दर्शनाने त्याला दोषी ठरवलेले नाही आणि सोडूनही दिलेले नाही. माझ्या मते अकराही पर्वांत श्रद्धा हरवण्याचे इतके भेदक चित्रण दुसरे नाही, कारण येथे माणूस प्रार्थना सोडत नाही. तो फक्त माणसांवरचा विश्वास सोडतो आणि आपल्यात काही बदललेच नाही असे समजून चालतो. म्हणून अंतिम भागात कॉमनवेल्थ या मोठ्या वसाहतीतल्या श्रीमंत वस्तीच्या फाटकाबाहेर लोक अडकून आक्रोश करत असताना, बंदुका रोखलेल्या असूनही फाटक उघडण्यासाठी गेब्रिएलच पुढे होतो, तेव्हा ती कृती ओढूनताणून आणलेली वाटत नाही. सेंट सेराजच्या दाराची आठवण संवादातून करून देण्याचा मोह लेखकांनी आवरला असता तरी चालले असते, इतका तो प्रसंग स्वयंस्पष्ट आहे.

2023 साली आलेल्या ‘डॅरिल डिक्सन’ या उपमालिकेविषयी थोडक्यात. फ्रान्समधल्या एका मठातल्या जोगिणी, लोराँ नावाच्या मुलाला तारणहार मानणारा समुदाय, माँ-सें-मिशेलसारखे भव्य स्थळ, असा श्रद्धेचा मालमसाला तिथे भरपूर आहे आणि छायाचित्रण मूळ मालिकेपेक्षा कितीतरी सरस आहे. क्लेमांस पोएझी यांची इझाबेल ही जोगीणही लक्षात राहते. परंतु दुसऱ्या पर्वात त्या मुलाचे तारणहारपण सिद्ध करण्यासाठी त्याला वॉकरचा चावा देण्याचा घाट घातला जातो आणि कथा धर्मवेड्या म्होरक्याच्या जुन्याच साच्यात जाऊन बसते.

177 भाग पाहण्याची तयारी नसलेल्या, पण या विषयात रस असलेल्या प्रेक्षकाने दुसरे पर्व संपूर्ण पाहावे, चौथ्याचे पहिले आठ भाग पाहावेत, आणि पाचवे पर्व कोणताही भाग न गाळता पाहावे. सातवे पर्व गाळले तरी श्रद्धेच्या धाग्याचे फारसे नुकसान होत नाही. ‘वन मोअर’ हा भाग एरवी सुटा पाहता येतो, मात्र तो पाचव्या पर्वानंतरच पाहावा. हिंसा अतिशय उघडी आहे, विशेषतः चर्चमधल्या हत्याकांडाचा भाग आणि हर्शेलच्या मृत्यूचा प्रसंग, त्यामुळे लहान मुलांसोबत ही मालिका पाहू नये.